जुनी गाडी, नवा लूक आणि थोडके पैसे : वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांत जुन्या गाड्या मॉडिफाय करण्याबद्दलचे प्रश्न इतके होते की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आणि सातारा-सांगलीकडची पत्रं एकत्र घेतली. किमती अंदाजाने सांगितल्यात, दुकान आणि पार्टच्या मेकप्रमाणे कमीजास्त होणारच.

प्रश्न : दादा, माझ्याकडे वडिलांची २००६ ची स्प्लेंडर प्लस आहे, एमएच ११ पासिंग. इंजिन चांगलं आहे पण गाडी दिसायला पार गेलीय. मला तिची कॅफे रेसर (जुन्या रेसच्या गाडीसारखी हलकी, बुटकी) करायचीय, १५ हजार जमवलेत. गॅरेजवाला म्हणतो मागची चासी कापून सीट छोटी करू, क्लिप-ऑन हँडल (पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना थेट बसणारं, खाली झुकलेलं) लावू, मागं जाड टायर टाकू आणि मडगार्ड, साडी गार्ड सगळं काढून टाकू. एवढ्यात होईल का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : होईल, पण त्यानं सांगितलेल्या निम्म्या गोष्टी करू नकोस आणि उरलेल्यांचा क्रम बदल.

सगळ्यात आधी आरसी काढून तारीख बघ. २००६ ची गाडी म्हणजे तिची पंधरा वर्षं २०२१ लाच संपली. वडिलांनी रिन्यू केलं असेल तर उत्तम, नसेल तर आरटीओत गाडी दाखवून पाच वर्षांसाठी रिन्यू करून घ्यावी लागेल, आणि त्याची फी, ग्रीन टॅक्स, उशिराचा दंड, इन्शुरन्स, पीयूसी, नवीन एचएसआरपी नंबर प्लेट हे सगळं त्या १५ हजारातून पहिल्यांदा बाजूला काढायचं. पोरं कलरपासून सुरुवात करतात आणि मग पासिंगला पैसे उरत नाहीत, गाडी झाकून घरात उभी राहते.

आता चासी. तिला हात लावायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या गोष्टी बदलता येत नाहीत, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. तुझ्या आरसीवर बसायची क्षमता दोन लिहिलेली आहे, सिंगल सीट केलीस की तिथंच ते जुळत नाही. पण कायदा बाजूला ठेवला तरी माझा विरोध आहेच. मागच्या शॉकअपचं वरचं टोक ज्या पाईपांना बसतं तेच पाईप हा माणूस कापणार आणि त्यांनाच वेल्डिंग मारणार. पातळ पाईपला वेल्डिंगची उष्णता लागली की जोडाच्या शेजारचा भाग कमजोर होतो, आणि मागं माणूस बसवून खड्ड्यात गाडी आदळली की सगळा मार नेमका तिथंच. तडा कलरखाली असतो, तो दिसत नाही.

म्हणून मी सगळ्यांना एकच सांगतो, जे नट-बोल्ट खोलून परत जसंच्या तसं बसवता येईल तेवढंच करायचं. काढलेला प्रत्येक पार्ट गोणीत घालून माळ्यावर ठेवायचा, भंगारात द्यायचा नाही. पाच वर्षांनी परत पासिंग आहे, आणि उद्या विकायची वेळ आली तर ओरिजनल गाडीलाच गिऱ्हाईक असतं.

पैसे लावायला सुरुवात खालून कर. डबल स्टँडवर लाव, पुढचं चाक उचल आणि हँडल हळू हळू या टोकापासून त्या टोकाला फिरव, मधोमध खाच असल्यासारखं अडकलं तर कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेला. चाक पुढेमागे हलवून बघ, खटखट आली तर कोनसेट नाहीतर फोर्कचा (पुढच्या शॉकअपचा) प्ले. मागचं चाक डावीउजवीकडं हलव, चिमटा (मागचं चाक धरणारा भाग) हलत असेल तर त्याचे बुश बदलायचे, आणि वीस वर्षांच्या गाडीत ते बहुतेक गेलेलेच असतात. ब्रेक शू दोन्हीकडचे नवीन टाक, केबली बदल, चेन किट बघ, फोर्क ऑइल आणि ऑइल सील करून घे. टायर चांगले असतील तर हे सगळं मजुरीसकट साधारण साडेतीन-चार हजारात बसतं. गाडी वळायला आणि थांबायला नव्यासारखी होते, ते आधी अनुभव, मग लूकचं बघू.

टायरचं म्हणशील तर तिला पुढं-मागं २.७५-१८ येतो. मागं फार तर ३.००-१८ घाल, तोही चेनला आणि मडगार्डला घासत नाही ना हे चाक फिरवून बघून. त्याहून जाड टायर त्या अरुंद रिमवर घातला की दोन्ही कडा आत ओढल्या जातात, मधला भाग उंच होतो, वळणावर रस्ता नीट धरत नाही. वर ९७ सीसीच्या इंजिनला तेवढं जड चाक ओढायचं म्हणजे पिकअप गेला, मायलेज गेलं. फोटोत भारी दिसतं एवढंच.

आता लूक. कॅफे रेसर हा प्रकार वाढला लंडनच्या एस कॅफेसारख्या ठिकाणी, १९५०-६० च्या दशकात, आणि तिथल्या पोरांकडंही पैसा कमीच होता, जड आणि नको ते काढून गाडी हलकी करायची एवढीच युक्ती. डोळ्याला जे पकडतं ते म्हणजे टाकीची खालची कड आणि सीट एका सरळ रेषेत असणं. त्यासाठी चासी कापावी लागत नाही. सीटचा मूळ पत्रा तसाच ठेव, फोम कुशनवाल्याकडून सपाट कापून घे, वरून आडव्या शिलाईचं रेक्झिन, दोघं आरामात बसतील एवढी लांबी राहू दे. हजार-बाराशेत होतं. क्लिप-ऑनऐवजी सरळ आणि बुटकं २२ मिलिमीटरचं हँडल घे, कारण पायाचे रेस्ट मूळ जागी ठेवून क्लिप-ऑन लावले की सगळं वजन मनगटावर येतं, कोरेगाव ते सातारा रोज अपडाउन करणाऱ्याला ते झेपत नाही. हँडल लावल्यावर दोन्ही टोकांना पूर्ण वळवून बघ, हात टाकीला लागायला नको आणि इंजिन चालू असताना रेस आपोआप वाढायला नको, वाढली तर ॲक्सिलेटर केबल ताणली जातेय. चौकोनी हेडलाईट आणि व्हायझर काढून ब्रॅकेटवर गोल हेडलाईट बसव, या एका गोष्टीनं गाडी निम्मी बदलते.

मडगार्ड राहू दे. गळीत हंगामात रस्त्यावर उसाची चिपाडं आणि चिखल असतो, मडगार्ड नसलेली गाडी कसली दिसेल आणि पाठीमागचा शर्ट कसा होईल सांगायला नको. साडी गार्ड, मागच्याचं हँडग्रिप आणि फूटरेस्ट केंद्रीय मोटार वाहन नियम १२३ प्रमाणे लागतातच, आरसेही लागतात. गोल छोटे आरसे मिळतात, ते शोभतात पण.

राहिलेला सगळा पैसा कलरला. इथं तुझी मेहनत पैसे वाचवते. टाकी, साईड पॅनल काढ, स्टिकर हेअर ड्रायरनं गरम करून सोलून काढ, १२० चा पॉलिश पेपर, मग ३२०, मग पाणी घालून ६००, हे घरी बसून कर आणि गुळगुळीत माल पेंटरकडं ने. प्राइमर, सरफेसर, बेस कोट आणि वरून हार्डनरवाला पीयू क्लिअर हवा म्हणून सांग. स्प्रे कॅननं टाकी रंगवू नकोस, पेट्रोल भरताना दोन थेंब सांडले की झाकणाभोवतीचा रंग मऊ होऊन निघतो. रंग आरसीवर आहे तोच ठेवलास तर आरटीओची एक चक्कर वाचेल. काळ्या गाडीला काळाच, पण मॅट न करता खोल चमकदार काळा, इंजिन कव्हरला बफिंग आणि कुठेच स्टिकर नाही. मला विचारशील तर यापेक्षा सुंदर स्प्लेंडर होत नाही.

प्रश्न : माझ्याकडे १९९४ ची यामाहा आरएक्स १०० आहे. सायलेन्सरची आतली जाळी काढून आणि एअर फिल्टर बॉक्सच्या जागी कोन फिल्टर टाकून पिकअप वाढतो असं मित्र सांगतात, खर्चही फक्त हजारभर. करू का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : नको. आवाज वाढेल, पिकअप नाही.

टू स्ट्रोकमध्ये सायलेन्सर हा इंजिनचाच भाग असतो. एक्झॉस्ट पोर्ट (सिलिंडरचं धूर जायचं भोक) उघडलं की जळलेला धूर बाहेर जातो आणि त्याच्यामागून थोडं ताजं मिश्रणही निसटतं, तेव्हा सायलेन्सरच्या आतला आकार दाबाची लाट उलट पाठवतो आणि निसटलेलं मिश्रण परत सिलिंडरमध्ये ढकललं जातं. यामाहाच्या लोकांनी ते गणित मापून बसवलंय. त्यात हात घातला आणि वर कोन फिल्टरनं हवा जास्त आत सोडली की मिश्रण लीन होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), आणि लीन चालणारी टू स्ट्रोक गरम होऊन पिस्टन जाम करते. मुख्य जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोक) बदलून ते सांभाळता येतं, पण त्यासाठी प्लगचा रंग वाचत वाचत पुन्हा पुन्हा जेट बदलणारा मिस्त्री पाहिजे. हजार रुपयात कुणी ते करून देत नाही. शिवाय आपल्याकडची धूळ, विटा-खानापूर बाजूला उन्हाळ्यात जाऊन बघा, ती त्या उघड्या फिल्टरमधून सरळ पिस्टनवर.

आवाजाचं म्हणाल तर कलम १९० खाली १० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत पोलिसांनी असे सायलेन्सर जप्त करून रोड रोलरखाली घातलेत. तुमचा ओरिजनल सायलेन्सर तसा गेला तर परत कुठून आणणार? ही गाडी १९८५ ला आली आणि १९९६ ला बंद झाली, ओरिजनल पार्ट दरवर्षी कमी होत चाललेत.

तोच हजार रुपया इथं लावा. जाळी बाहेर काढून तिच्यावरचा कार्बन जाळून-घासून साफ करा आणि परत बसवा. एक्झॉस्ट पोर्टवर बसलेला कार्बन लाकडी पट्टीनं खरवडून घ्या, पिस्टन खाली घेऊनच. कार्ब्युरेटर साफ, रीड व्हॉल्व्हच्या (मिश्रण आत सोडणाऱ्या झडपेच्या) पट्ट्या उजेडाकडं धरून बघा, मधून फट दिसली तर बदला. ऑइल पंपाची केबल आणि तिची खूण जुळवा. ३० वर्षांच्या आरएक्सचा हरवलेला पिकअप बहुतेक वेळा या जागीच सापडतो. आणि क्रँकचे ऑइल सील गेले असतील तर गाडी थंड असताना नीट आणि गरम झाली की आपोआप रेस वाढवते, ते लक्षण दिसलं तर चालवू नका, आधी सील.

प्रश्न : मी फौजेतून रिटायर झालोय. जुनी बुलेट आहे, तिला मिलिटरी हिरवा रंग द्यायचा मनात आहे. खर्च किती येईल?
– एक वाचक, अपशिंगे मिलिटरी, ता. सातारा

उत्तर : साहेब, तुमच्या फौजींच्या गावातून आलेली ही इच्छा मनापासून समजते, पण हा एक रंग देता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग फक्त संरक्षण खात्याच्या गाड्यांना आहे, माजी सैनिकाच्या खासगी गाडीलाही नाही. गडद बॉटल ग्रीन वेगळा रंग आहे, तो चालतो, पण आरटीओत अर्ज करून आरसीवर आणि मग इन्शुरन्सवर नवा रंग नोंदवायचा. माझं मत विचाराल तर काळा किंवा मरून रंग द्या आणि टाकीवर सोनेरी रेघा हातानं ओढून घ्या, स्टिकरच्या नकोत. ब्रशनं रेघ मारणारे पेंटर आता कमी राहिलेत, आपल्या भागात एखादा माहीत असेल तर काम त्यालाच द्या. चासी सँड ब्लास्ट करून पावडर कोटिंग करणार असाल तर चासी नंबरवर आधी जाड टेप लावायला सांगा, नंबर पुसट झाला की पासिंगला फार त्रास.

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या पुरात आमची येझदी रोडकिंग तीन-चार दिवस पाण्यात होती. तेव्हापासून गोठ्यात उभी आहे. आजोबांनी घेतलेली गाडी आहे, विकायची नाही. भाऊ म्हणतो स्क्रॅम्बलर (कच्च्या रस्त्यावर चालेल अशी गाडी) करू, पेट्रोल-ऑइल टाकून किक मारून बघू आधी. महिन्याला दोन-अडीच हजार बाजूला काढू शकतो.
– एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : भावाला आजच सांगा, किक मारायची नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं.

फोर स्ट्रोकच्या पोटात ऑइल भरलेलं असतं, त्यामुळं आतल्या लोखंडाला थोडा तरी आधार मिळतो. येझदी टू स्ट्रोक, तिच्या क्रँककेसमध्ये पेट्रोलबरोबर येईल तेवढंच ऑइल, बाकी कोरडं. पुराचं पाणी आत गेलं असेल तर क्रँकच्या बेअरिंगवर गंज आहेच, आणि कृष्णेच्या पुराचा गाळ किती बारीक असतो हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही, घराच्या भिंती धुताना तुम्ही बघितलाय. किक मारली की तो गाळ पिस्टन आणि सिलिंडरच्या मधे पॉलिश पेपरसारखा फिरणार.

प्लग काढा, आत थोडं डिझेल सोडा, दोन-चार दिवस तसंच राहू द्या. मग हेड आणि सिलिंडर वर उचलून बघा. पिस्टन निघाला आणि सिलिंडरला खोल खड्डे नसतील तर रिबोर (सिलिंडर आतून थोडा मोठा कातणं) आणि ओव्हरसाइज पिस्टनवर भागेल. क्रँक मात्र पूर्ण खोलावाच लागेल, बेअरिंग, सील, कनेक्टिंग रॉडची किट, आणि ते काम प्रेस असलेल्या वर्कशॉपमध्येच द्या, हातोडीनं क्रँक ठोकणाऱ्याकडं नको. आपल्या जिल्ह्याला एक फायदा आहे, १९१० पासून किर्लोस्करवाडी आणि नंतर कुपवाड-मिरजेची एमआयडीसी, त्यामुळं चांगला लेथ चालवणारा कारागीर इथं शोधावा लागत नाही. न मिळणारा बुश किंवा पिन तो नमुन्यावरून करून देतो. ही गाडी बनवणारी मैसूरची कंपनी १९९६ ला बंद पडली, म्हणून येझदीवाल्याला अशा माणसाची ओळख पाहिजेच.

टाकीत गंज असेल तर आत मूठभर छोटे नट आणि व्हिनेगर टाकून हलवा, एक-दोन दिवस ठेवा, मग खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा आणि लगेच पूर्ण वाळवा, ओली ठेवली की परत गंज. टाकीला भोक असेल तर पेट्रोलचा वास येणारी टाकी वेल्डिंगवाल्याच्या हातात कधीच देऊ नका, रिकामी वाटली तरी आतल्या वाफेचा स्फोट होतो. पेट्रोलचा पाईप नवीन आणि चांगल्या प्रतीचा घ्या, आता सगळीकडं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे आणि जुनं रबर त्यात लवकर खराब होतं. वायरिंग जुनं दुरुस्त करत बसू नका, नवीन हार्नेस (वायरांचा पूर्ण संच) टाका. चाकांची बेअरिंग, ब्रेक प्लेट, कोनसेट सगळं उघडायचं, गाळ तिथंही असतो.

महिन्याला दोन-अडीच हजार म्हणजे पहिले बरेच महिने इंजिनमध्येच जातील. म्हणूनच स्क्रॅम्बलरचा विचार सध्या बाजूला ठेवा. उंच सायलेन्सर, मोठ्या नक्षीचे टायर यात पैसे घालायचे आणि इंजिन अर्धवट ठेवायचं असं होतं, मी अशा उभ्या राहिलेल्या गाड्या पुष्कळ बघितल्यात आणि वाईट वाटतं. आजोबांची गाडी आहे, तिची दोन सायलेन्सरची मूळ ठेवण, तीच किक पुढं घेऊन गिअर होणारी दांडी, हे सगळं आहे तसं ठेवा. एकदा ती धडधडत गावातून गेली की भाऊ स्क्रॅम्बलरचं नाव काढणार नाही.

प्रश्न : जुन्या १०० सीसी गाडीला एलईडी हेडलाईट टाकला, लुकलुकतो आणि दोनदा उडाला. का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर : रेस कमी केली की लाईट मंद आणि वाढवली की प्रखर होत होता ना आधी? मग तुमचा हेडलाईट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या (इंजिनबरोबर फिरून वीज करणाऱ्या भागाच्या) एसी करंटवर आहे. एलईडीला डीसी लागतो. मॅग्नेट कॉइलची वायरिंग बदलून आणि तिला जुळणारा रेग्युलेटर-रेक्टिफायर बसवून ते करता येतं, पण जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच. स्वस्तातला मार्ग म्हणजे नवीन रिफ्लेक्टर, कंपनीनं सांगितलाय त्याच वॉटचा चांगला बल्ब आणि अर्थिंगची जागा घासून साफ करणं, निम्मा उजेड तिथंच अडकलेला असतो. ६०/५५ किंवा १००/९० चा बल्ब घालू नका, होल्डर आणि वायर वितळते.

प्रश्न : दादा, माझे वडील वारले, त्यांची सीटी १०० मी वापरणार आहे. मी आरोग्य सेविका आहे, वाई तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर जावं लागतं. उंची कमी असल्यानं पाय टेकत नाहीत. गॅरेजवाला शॉकअप छोटे टाकू म्हणतो. पाच हजारात काय काय होईल?
– एक वाचक, वाई

उत्तर : ताई, वडिलांच्या माघारी त्यांची गाडी तुम्ही कामाला लावताय, फार बरं वाटलं. शॉकअप मात्र छोटे टाकू नका. गाडी खाली बसली की डबल स्टँड लागत नाही, खडबडीत रस्त्यावर पोट घासतं, आणि वळणावर फूटरेस्ट टेकतो. पसरणी घाटात ते परवडायचं नाही.

सीट घेऊन कुशनवाल्याकडं जा, स्वतः जा, गाडीवर बसून दाखवा. वरचा फोम दीड इंचापर्यंत कमी करता येतो, पण त्याच्यापेक्षा जास्त फरक सीट पुढच्या बाजूनं अरुंद केल्यानं पडतो, कारण मांड्या फाकल्या की पाय खाली पोचत नाहीत. टाकीजवळची सीट दोन्ही कडांनी तासून घ्यायला सांगा आणि फोम थोडा कडक घालायला सांगा, मऊ फोम कमी केला की खालचा पत्रा टोचतो. हजारभरात काम होतं. दोन्ही टाचा टेकायची गरज नाही, एका पायाचा पूर्ण चवडा नीट टेकला की पुरे. ब्रेकचा पेडल आणि गिअरची दांडी तुमच्या चपलेच्या किंवा बुटाच्या मापाला ॲडजस्ट करून घ्या, क्लच लिव्हरचा प्ले पण, बोटं लहान असतील तर लिव्हर थोडा आत आणता येतो.

उरलेल्या पैशात पुढचे-मागचे ब्रेक शू, केबली आणि टायर बघा. ड्रम ब्रेक उतारावर सतत दाबून धरला की तापून पकड सोडतो, म्हणून घाट उतरताना दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनवर गाडी रोखायची आणि ब्रेक मधून मधून मारायचा.

आणि गाडी अजून वडिलांच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ भरून ती तुमच्या नावावर करून घ्या. मृत्यूचा दाखला, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी आणि बाकी वारसांची संमती लागते. वारल्यापासून तीन महिन्यांत अर्ज करायचा असतो, तेवढे दिवस उलटून गेले असले तरी अर्ज घेतात, दंड पडतो. आरसी नावावर झाली की लगेच इन्शुरन्सही नावावर करा, कारण वाडीवर जाताना काही झालं तर क्लेमच्या वेळी पहिलं नावच विचारतात. सीटचं काम त्याच्याआधी केलंत तरी चालेल, ते कागदावर येत नाही.